सीताफळाच्या बुडाशी

आमच्या नात्यागोत्यात मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहे, त्यामुळे सल्ला मागायला सहसा कोणी माझ्याकडे येत नाही. मागच्या उन्हाळ्यात भाची आली. माझ्या धाकट्या भावाची मुलगी, सुप्याला एका कंपनीत नोकरीला. तिथल्याच एका मुलाशी तिचं जुळलं होतं. मुलगा चांगला, घरचे चांगले. अडचण एकच होती, ते रोमन कॅथलिक आणि आम्ही प्रोटेस्टंट. मुलाच्या वडिलांचं म्हणणं पडलं की लग्नाआधी मुलीने रोमन व्हावं, म्हणजे पुढे मुलाबाळांचा घोळ नको.

बाहेरच्या माणसाला आमची ही भांडणं कळत नाहीत. गावाच्या लेखी आम्ही सगळे 'ख्रिस्ती' एवढंच. पण कोल्हारपासून राहुरीपर्यंत नुसतं एसटीने गेलं तरी आमचे तीन प्रकार भेटतात. एक रोमन, एक आम्ही जुन्या मिशनवाले, आणि अलीकडे कालव्याकाठी पत्र्याच्या शेडमध्ये भरणारे नवे, जे आमचा लहानपणीचा बाप्तिस्मा मोजतच नाहीत. देव सगळ्यांचा एक. सोयरीक म्हटली की मात्र प्रत्येकाचं नाक वर.

भाची चहाचा कप हातात धरून म्हणाली, "आत्या, तुझ्या लग्नातबी हेच झालं हुतं ना? काका रोमन हुते, तरी तू अडून बसलीस. का बसलीस ते मला नीट सांग. मी त्यांना तेच सांगीन."

मी खुलले. बहुतेक माणसं आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, असतात ती रेशनकार्डावर नाव असावं तशी, बापाचं होतं म्हणून आपलं. माझं तसं नव्हतं. माझ्याजवळ कारण होतं, आणि ते मी आयुष्यभर छातीला लावून फिरले होते. पदर खोचून मी तिला सगळं सांगायला बसले.

माझी आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. तहान लागली की मालकीण उंचावरून पाणी ओतायची आणि आई ओंजळ धरायची. सुट्टीच्या दिवशी मी बरोबर असले की मीही धरायचे. ख्रिस्ती झालो म्हणून काही भांडं पुढे आलं नव्हतं. आमच्या मंडळीतही दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. गावाने दोघींनाही गावकुसाबाहेरच बसवलं होतं, पण बाहेर बसवल्यावरसुद्धा माणसं वर कोण आणि खाली कोण ते ठरवून घेतात. वरच्या आळीची घरं पुष्कळ, शिकलेली, मास्तरकीत आणि दवाखान्यात नोकरीला लागलेली. खालच्या आळीची आमच्यासारखी मोजकीच. देवळातले बाक सगळ्यांचे होते, तरी आम्ही दाराजवळच्या बाकांवर बसायचो. तसं बसा असं कोणी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

आणि तरी प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत भाकरीच्या तुकड्याबरोबर सगळ्यांनी घोटभर घ्यायचा, द्राक्षारस आमच्या घरून जायचा. आमच्यात दारू निषिद्ध, त्यामुळे द्राक्षारस म्हणजे काळ्या मनुकांचा उकळून गाळलेला रस. एका म्हाताऱ्या पाळकसाहेबांची, म्हणजे आमच्या धर्मगुरूंची, बायको वारली, तेव्हा रस कोणी करायचा असा प्रश्न आला. आई त्यांच्या घरी धुण्याभांड्याला होती. ते म्हणाले, आता तूच करत जा. ते पुढे बदलून गेले, पण काम आईकडेच राहिलं.

महिन्याचा पहिला रविवार प्रभुभोजनाचा. आदल्या शुक्रवारी आई बियांच्या मनुका निवडून, धुऊन, भिजत घालायची. शनिवारी अंघोळ करून, डोक्यावरून पदर घेऊन चुलीवर पातेलं चढवायची. मनुका फुगून फुटल्या की पळीच्या पाठीने दाबायच्या, निवल्या की मऊ फडक्यातून पिळायच्या, आणि रस एका ॲल्युमिनियमच्या किटलीत भरून तोंडाला फडकं बांधून ठेवायचा. घरभर वास सुटायचा. आम्ही भावंडं पातेल्याभोवती घुटमळायचो, पण आईचा एक नियम होता, तो मोडायची कोणाची छाती नव्हती. देवळातल्या मेजावर जाईपर्यंत रस चाखायचा नाही. बोटाला लागला तरी पाण्याने धुवायचा, जिभेला लावायचा नाही. प्रभूच्या आधी आपण कोण, असं ती म्हणायची. राहिलेला चोथाही ती मातीत पुरायची.

रविवारी सकाळी किटली पोचवायची आणि उपासना संपल्यावर आणायची, दोन्ही कामं तिचीच. मला ती बरोबर येऊ द्यायची नाही. देवळामागे एक सीताफळाचं झाड होतं. किटली आणायला जाताना ती चुलीतली राख एका टोपल्यात घेऊन जायची आणि झाडाच्या बुडाशी टाकून यायची. झाडाला राख चांगली असते, असं ती सांगायची, आणि चांगली असणारच, कारण त्या झाडाची सीताफळं साऱ्या मंडळीत गोड म्हणून नावाजलेली होती. वरच्या आळीच्या बायका ती पदरात घालून न्यायच्या.

मी मंडळीची सभासद झाले तेव्हा सोळा वर्षांची असेन. प्रभुभोजनाला मी पहिल्यांदाच बसले. छोट्या काचेच्या पेल्यांचं ताट पुढच्या बाकांवरून फिरत मागे आलं. सगळ्यांनी पेला ओठाला लावला तेव्हा डोळे मिटायचे असतात. मी मिटले नाहीत. वरच्या आळीतले हेडमास्तर, नर्सबाई, ज्यांच्या घरी आम्ही बाहेर ओट्यावरच बसायचो ते सगळे मान खाली घालून माझ्या आईच्या हातचं पीत होते. मग मी प्यायले. हलका, जरा आंबटसर रस होता. ही आईच्या हातची चव, असं मी मनात पक्कं केलं. त्या दिवशी मी ठरवलं की मरेपर्यंत याच मंडळीत राहायचं. इतकं सरळ होतं ते.

पुढे नगरला डी.एड.ला गेले, तिथल्या वसतिगृहात पाण्याच्या माठावरून मुली टोमणे मारायच्या. मी उलट बोलायचे. माझी मान ताठ राहायची. मनात म्हणायचे, जा गं, आमच्या घरचं तुमच्याहून मोठी माणसं मान खाली घालून पितात.

मग हे आले. राहुरीकडचे, साखर कारखान्यात फिटर, आणि घर पिढ्यान्‌पिढ्या रोमन. त्यांच्या आईच्या गळ्यात जपमाळ, भिंतीवर मरियामाता. मी अट घातली की मंडळी सोडणार नाही, तुम्हालाच इकडे यावं लागेल. सासूबाई रडल्या. सासरे लग्नाला आले ते दारातूनच परत गेले. मी हलले नाही. एकदा यांनी विचारलं, असं काय आहे तुमच्या मंडळीत. मी यांना मनुकांची गोष्ट सांगितली. हे म्हणाले, "आमच्यात रस फादर एकटाच पितो. आमाला नुसती कोरडी भाकर. तुमच्यात सगळ्यांना मिळतंय तर येतो बाबा." असे चेष्टेवारी आले आणि चेष्टेवारीच राहिले. स्वतःच्या आईचं देऊळ सोडून माझ्या आईच्या देवळात आले.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत आईचे पाय गेले. तेव्हापासून किटली पोचवायचं, आणायचं काम यांचं; पहिलं वर्षभर आईने बसल्या बसल्या रस केला, मग तो मी करायला लागले. आई गेल्यावरही तिचा नियम मी जसाच्या तसा पाळला. माझा रस मी घरी कधी चाखला नाही. तो कसा झाला ते मला रविवारी मेजावरच कळायचं, तेही एका घोटात. कधी पांचट लागायचा, कधी जास्त आंबट. पाळक बदलले की चवही बदलल्यासारखी वाटायची, मला वाटायचं नळाला नवं पाणी आलं. मग पुढच्या महिन्याला मी त्याप्रमाणे सुधारायचे. मनुकांचा दुकानदार बदलला, भिजवायचा वेळ वाढवला. गेली कित्येक वर्षं तो फारच आंबट लागत होता, म्हणून गूळ घालायला लागले, आणि तरी आंबट लागतो म्हणून वाढवत गेले. आईला जे विनासायास जमायचं ते मला जमत नाही, याची रुखरुख लागून राहायची. हे किटली धुऊन घरी आणायचे. मी विचारायचे, संपला का. हे म्हणायचे, थेंब राहिला नाही.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. तिचे डोळे भरून आले. आठवड्याने तिचा फोन आला की तिने मुलाच्या वडिलांना स्पष्ट नकार दिला. आमच्या घरचा रस सगळी मंडळी पिते, ती जागा सोडून मी कुठे येणार नाही, असं म्हणाली. त्यांनी बोलणी थांबवली. मुलगा मधल्यामध्ये अडकला. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, अभिमानच जास्त वाटला.

त्याच्या पुढच्या पहिल्या रविवारी यांचा गुडघा सुजला. पलंगावरून उतरवेना. तरी हे उठायला बघत होते. किटली मीच नेते म्हटल्यावर म्हणाले, राहू दे, रिक्षाने जातो. मी हसले. म्हटलं, किटलीच आहे, काही कारखान्याचा बॉयलर नाही.

देवळामागच्या खोलीत मी किटली ठेवली, पाळकबाईंना, म्हणजे पाळकसाहेबांच्या बायकोला, सलाम केला आणि पुढे येऊन बाकावर बसले. बसल्यावर लक्षात आलं की चष्मा मागेच राहिला. उपासनेला वेळ होता. मी परत गेले तर खोलीत कोणी नव्हतं, मागचं दार उघडं होतं. पाळकबाई सीताफळाच्या झाडाशी वाकल्या होत्या आणि माझी किटली बुडाशी रिकामी करत होत्या. तांबडा-काळा रस मातीत मुरत होता. मुंग्यांची रांग आधीच लागली होती, जशा काही वाट बघत बसल्या होत्या. खोलीतल्या टेबलावर बाजारच्या रसाची बाटली होती आणि अर्धे पेले भरलेले होते.

मला वाटलं रसात काहीतरी पडलं. मी विचारलं, "माशी पडली का?"

पाळकबाई वयाने माझ्या मुलीसारख्या. मराठवाड्यातून आलेल्या, वर्षभरही झालं नव्हतं. त्या दचकल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, नाही हो बाई, काही पडलं नाही. मी म्हटलं मग ओतता का. तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, तुम्हाला माहीत नव्हतं?" त्या म्हणाल्या. "चार्ज देताना आधीच्या पाळकबाईंनी मला सांगितलं होतं. किल्ल्या दिल्या, मेजावरची वस्त्रं दिली आणि म्हणाल्या, खालच्या आळीतून रस येतो तो झाडाला घालायचा आणि आपला वेगळा ठेवायचा. त्यांनाही त्यांच्या आधीच्यांनी तसंच सांगितलेलं. मला वाटलं तुमच्या संमतीनेच असेल. काका तर दर वेळी येऊन किटली धुऊन नेतात."

मी विचारलं की का. त्या चाचरत म्हणाल्या की फार पूर्वी, रस खालच्या आळीकडे दिला तेव्हाच, वरच्या आळीतल्या काही म्हाताऱ्यांनी हरकत घेतली होती म्हणे, खालच्यांच्या हातचं पिणार नाही म्हणून. पाळकांना भांडण नको होतं आणि करणाऱ्या बाईचं मनही मोडायचं नव्हतं. मी विचारलं, त्या म्हाताऱ्या आता आहेत का.

"नाही. त्यातलं कोणीच नाही आता."

"मग आता कोणाची हरकत आहे?"

"कोणाचीच नाही, बाई. पण बंद करा असंही कोणी सांगितलं नाही."

त्या रडायला लागल्या. मला त्यांची कीव आली नाही. पुढे जाऊन मी बाकावर बसले. पेल्यांचं ताट माझ्यापुढे आलं तेव्हा मी ते तसंच शेजारणीकडे सरकवलं. सारी मंडळी डोळे मिटून त्या बाटलीतलं पीत होती आणि मला एकेक गोष्ट उमगत होती. सोळाव्या वर्षी मी जी आईच्या हातची चव म्हणून मनात पक्की केली ती आईची नव्हतीच, तेव्हाच्या कुठल्यातरी पाळकबाईंची होती. हेडमास्तर माझ्या आईच्या हातचं कधी प्यायलेच नव्हते. आणि मी जन्मभर स्वतःचा रस सुधारत आले तो दुसऱ्याच्या बाटलीची चव घेऊन. ओंजळीत पाणी ओतणारी मालकीण निदान तोंडावर ओतायची. या माणसांनी मला मेजाशी बसवून फसवलं.

घरी आले तर हे पलंगावर उठून बसले होते. माझा चेहरा बघून समजले असावेत. मी विचारलं, कधीपासून माहीत आहे. म्हणाले, पहिल्या वर्षापासून. मी किटली फेकली. ती दाराला लागून चेपली.

यांनी मला बोलू दिलं. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं सांगते की सासूबाईंच्या रडण्यापासून सगळं काढलं. मी म्हटलं, तुम्ही माझ्यासाठी आईचं देऊळ सोडलंत आणि मला मूर्ख ठेवून दर महिन्याला थेंब राहिला नाही म्हणत आलात, तुमच्यापेक्षा त्या म्हाताऱ्या बऱ्या. मी दमले तेव्हा हे म्हणाले, "तुझ्या आईला ठावं हुतं."

मी म्हटलं, खोटं.

"राख कशापायी टाकायची ती मग? मुंग्या दिसू नयेत म्हणून टाकायची. मी पहिल्यांदा किटली आणाय गेलो तवा सगळं बघितलं आन् तिला येऊन सांगितलं, तर हसली. म्हनली, जावईबापू, मला लई वर्सं झाली कळून. पोरीला सांगू नका. तिला वाटतंय समदी तिच्या आईच्या हातचं पित्यात. त्येवढ्यावर ती मान वर करून चालती. मला शपथ घातली तिनं. गॅस आल्यावर राख बंद झाली म्हनून मी बादलीभर पाणी घालून यायचो बुडाशी."

आईवर राग धरायची मला सवय नाही, तरी त्या दिवशी आला. ज्या बाईने मला जिभेला बोट लावू दिलं नाही, तीच दर महिन्याला डोक्यावर पदर घेऊन झाडाखाली ओतायचा रस करत होती. तिने तो कसा केला असेल, मनुका निवडताना काय वाटत असेल, हे मला अजून कळत नाही. माझी मान ताठ राहावी म्हणून केलं, हे कळतं. पण ताठ मानेने मी काय काय केलं तेही आठवतं. सासू तोडली, नवऱ्याचं देऊळ तोडलं, आणि आता भाचीचं लग्न.

यांच्याशी मी बोलणं टाकलं. जेवायला वाढायचे तेही ताट ठेवून आत जायचे. भाचीला मात्र फोन केला आणि जसं घडलं तसं सांगितलं. मध्ये थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता, म्हणून एका दमात सांगितलं. तिने विचारलं, "मग तू अजून कशाला जातीस तिथं?" मी म्हटलं, पुढच्या पहिल्या रविवारी तू ये.

मधल्या एका दिवशी मी पाळकबाईंकडे गेले. पाळकसाहेबही घरात होते. मी बसले नाही. सांगितलं की रस मी आणणार आहे. ओतायचा असेल तर मंडळीसमोर, माझ्या देखत ओता आणि का ओतता ते सांगा. वापरायचा असेल तर माझ्या देखत पेल्यांत भरा. पाळकसाहेब म्हणाले, जुन्या गोष्टी उकरून मंडळीत फूट पडेल. त्यांच्या आधी त्यांची बायकोच बोलली. म्हणाली, बाटली आणणार नाही मी यापुढे.

शुक्रवारी मी मनुका भिजत घातल्या. नेहमीसारखं केलं, गूळही नेहमीएवढाच घातला. नियम मोडला नाही. चेपलेल्या किटलीत भरला आणि रविवारी मीच घेऊन गेले. भाची पहिल्या बसने आली होती. हे काठी टेकत मागून आले. पाळकबाईंनी माझ्यासमोर पेले भरले, एकेक करून, आणि भरताना वर बघितलं नाही.

त्या दिवशी मीही पेला घेतला. भाची शेजारी होती. मी डोळे उघडे ठेवून पुढच्या बाकांकडे बघितलं. माना खाली गेल्या, पेले वर गेले. माझ्या हातचं वरच्या आळीने पहिल्यांदा प्यायलं आणि कोणाला पत्ताही नव्हता. मग मी पेला ओठाला लावला.

नुसता गूळ. घशाला चिकटेल इतका गोड. पाकच म्हणा ना. भाचीने तोंड वेडंवाकडं केलं आणि पटकन आवरलं. बाटलीतला आंबटपणा मारायचा म्हणून मी जो गूळ वर्षानुवर्षं वाढवत गेले होते, तो सगळा त्या घोटात होता. मनुकांचा कुठे मागमूस नव्हता. आईचा रस म्हणून मी जे इतकी वर्षं सांभाळलं, ते माझ्याच हातांनी पार बिघडवून ठेवलं होतं. तो कसा लागायचा ते विचारायलाही आता कोणी उरलं नव्हतं.

उपासना सुटल्यावर वरच्या आळीतल्या एक आजी, हेडमास्तरांची सून, माझा हात धरून म्हणाल्या, "आज रस लई गोड हुता." मी म्हटलं, आज आमच्या घरचा आहे, आजी. त्या म्हणाल्या, "तुझ्याच घरचा असतो की नेहमी." आणि सलाम करून गेल्या. म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं. आमच्या घरचंच पितो असं समजून ही बाई इतकी वर्षं निवांत पीत आली होती, आणि मी मात्र तिच्यावर रागवायला तयार होऊन आले होते.

भाचीने देवळाच्या पायरीवर मला विचारलं, मग मी त्यांना काय सांगू. मी म्हटलं, रोमन की प्रोटेस्टंट ते मला विचारू नको. त्यांच्या घरी जा, तुझ्या हाताने चहा कर आणि समोर बसून बघ. कप रिकामा होऊन परत आला तर पुढचं बोल. ती पिशवी खांद्याला लावून उठली. तिला बस गाठायची होती.

किटली आणायला मी मागे गेले तर हे आधीच नळापाशी उभे होते. धुवायच्या आधी त्यांनी किटली तिरकी करून तळाशी राहिलेला रस झाकणात घेतला आणि पिऊन टाकला. इतक्या सहज की ही त्यांची दर महिन्याची सवय असावी. मला बघून ओशाळले.

"ओतताना त्या बाया घाईत असायच्या," हे म्हणाले. "बुडाला घोटभर राहायचाच. म्हटलं आता टाकायचा कशाला." मग झाकणाकडे बघत म्हणाले, "येवढा गूळ नको घालू. आईच्यात नव्हता. तिचा तुरट हुता, मनुकाची बी दाताखाली आल्यावानी."

मी नळ बंद केला. माझ्या आईच्या हातचा रस त्या साऱ्या मंडळीत एकच माणूस प्यायला होता, आणि त्याला त्याच्या आईच्या देवळातून मीच ओढून आणलं होतं.